फर्म्यातली हजेरी

हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
११ जानेवारी २०२६

आदरणीय बाबा,
सविनय जय भीम.

तुम्ही सेलूला जाऊन दोन महिने होत आले. कौसाआत्याचा पाय कसा आहे? तिला म्हणावं, प्लास्टर निघालं की लगेच शेताकडे पळू नको. फोन करून काही उपयोग नाही. तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तुम्ही पेटीत ठेवता. कंपनीच्या प्रेसखात्याने कान खाल्ले ते खाल्ले, पण मशीन मी पेटीसाठी घेतलं नव्हतं. म्हणून हे पत्र. दहावीनंतर एवढं मराठी हाताने लिहिलं नाही, तेव्हा शुद्धलेखन तपासत बसू नका.

बातमी एकदम भारी आहे. लछूशेठ चार हजार जीन्सची ऑर्डर द्यायला तयार झालाय. नुसते खिसे नाहीत, नुसता बेल्ट नाही, आख्खी पॅन्ट. आई बुवापाड्याच्या खोलीत दोन मशीनवर नुसते खिसे शिवून द्यायची. आज उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात आपला गाळा आहे, चौदा बाया आणि दोन पुरुष कामाला आहेत. आई गेल्यावर लोक म्हणाले होते, पोरगी वर्षभरात मशिनी विकेल. त्यातले दोघं आता माझ्याकडे काम मागायला येतात.

एकच लफडं आहे. नोव्हेंबरपासून कामगारांचे नवे कायदे लागू झालेत, त्यात प्रत्येक माणसाला नेमणुकीचं पत्र द्यावं लागतं. शेठ ज्या मोठ्या कंपनीला माल देतो ती पार्टी म्हणते, फेब्रुवारी संपेपर्यंत पत्रांच्या झेरॉक्स दाखवा, नाहीतर माल दुसरीकडे. टेन्शन घेऊ नका, मी एक कन्सल्टंट धरलाय. तो सोळा पत्रं एका दिवसात करून देतोय. सगळ्यांचं पद 'मदतनीस', सगळ्यांची तारीख १ मार्च २०२६. एकदम क्लीन काम. तुमचा जावई सम्यक म्हणाला, बाबांना कळव, त्यांना आवडेल. म्हणून कळवलं.

तुमची,
पायल

*

मु. पो. सेलू, जि. परभणी
१९ जानेवारी २०२६

चि. पायल,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. कौसाबाई बरी आहे, मला कामाला लावण्याइतकी बरी आहे. ऑर्डरबद्दल अभिनंदन. शुद्धलेखनाच्या नऊ चुका आहेत, त्या सोडून दिल्या.

तारीख मात्र सोडता येत नाही. सखूबाई तुझ्याकडे १ मार्चला लागणार म्हणतेस. मग गेली बावीस वर्षं ती तिथे काय करत होती? पाहुणी म्हणून आली होती का? आणि 'मदतनीस' म्हणजे कोणाची मदतनीस? मशीनवर तिच्याशिवाय दुसरं कोणी बसलेलं मी तरी पाहिलं नाही.

तुला मी हे कधी नीट सांगितलं नाही, आता सांगतो. अंबरनाथच्या त्या कंपनीत मी अकरा वर्षं पत्रा दाबायचा प्रेस चालवला. दर सात-आठ महिन्यांनी आम्हाला आठ दिवस घरी बसवायचे आणि परत घेताना नवा बिल्ला द्यायचे. अकरा वर्षांत माझे सतरा बिल्ले झाले. दर वेळी मी नवा माणूस. २००४ साली कंपनीला कुलूप लागलं, आम्ही केस लावली, तेव्हा समोरच्या वकिलाने एवढंच विचारलं की हा माणूस इथे अकरा वर्षं होता याला पुरावा काय. माझे कान पुरावा होते, पण कान फाईलला लावता येत नाहीत. शेवटच्या बिल्ल्याचे पाच महिने तेवढे धरले गेले.

तुझा कन्सल्टंट तेच करतोय, फक्त कॉम्प्युटरवर. क्लीन काम आमच्या साहेबांचंही फार क्लीन होतं. तू आता मालकीणबाई आहेस, निर्णय तुझा. माझं म्हणणं मी मांडलं.

भीमराव

*

हेंद्रेपाडा, बदलापूर
२७ जानेवारी २०२६

आदरणीय बाबा,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी ते मशीनच्या खणात कोंबून ठेवलं. रागच आला होता. तुम्ही जन्मभर मालकांशी भांडलात आणि तुमचीच पोरगी मालक झाली, हे तुम्हाला सहन होत नाही असं मला वाटतं. इतक्या वर्षांत तुम्ही गाळ्याच्या आत येऊन एकदाही बसला नाहीत. बाहेर टपरीवर चहा पिता, तिथूनच 'चाललो' म्हणून हात करता. शेजारचे गाळेवाले विचारतात, मॅडम, बाबा आत का नाही येत? काय सांगू त्यांना?

तरी पण बाबा, ते सतरा बिल्ले डोक्यातून जाईनात. म्हणून मी अंबरनाथला सरकारी मदत शिबिराला गेले. आमच्यासारख्या छोट्या कारखानदारांना नवे कायदे समजावून द्यायला ठेवलं होतं. मला वाटलं होतं पंखा, सतरंजी आणि भाषण असेल. भाषण होतंच, पण नंतर एकेकाला टेबलावर बसवून नीट विचारलं. पत्राचा नमुना मराठीत, नोंदणी ऑनलाइन तिथल्या तिथे भरून देतात, पैसे एक नाही. चाळीशीच्या पुढच्या कामगारांची वर्षाला फुकट आरोग्यतपासणी करायची असते, तिचा कॅम्प गाळ्यांच्या गल्लीत कसा लावायचा तेही सांगितलं. तीन महिने दर बुधवारी एक मॅडम येऊन अडलेलं बघणार. जिज्ञासा मॅडम, वयाने माझ्याएवढ्याच असतील.

त्यांनी कन्सल्टंटची सोळा पत्रं वाचली. मग म्हणाल्या, "ताई, हे सगळे एकाच दिवशी कसे आले? वऱ्हाड होतं का?" आजूबाजूचे हसले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, मॅडम, सोपं पडतं. त्या म्हणाल्या, "सोपं तुम्हाला पडतं. जी माणसं वीस वर्षं आहेत त्यांची वीस वर्षं या कागदावर शून्य होतात. ती ज्या दिवशी आली तो दिवस लिहा."

आता खरी अडचण ऐका. २०१९ नंतर आलेल्या आठ जणांच्या हजेरीच्या वह्या माझ्या कपाटात आहेत, त्यांचं काम झालं. आईच्या वेळच्या आठ जणांचं काहीच नाही. सखूमावशी, जनूदादा, द्रौपदी, बाकीच्या पाच. तारीख विचारली की म्हणतात, थंडी होती, मुलगी पोटात होती. त्यावर तारीख कशी लिहू? आईच्या वह्या मी सगळीकडे शोधल्या, बुवापाड्याची खोली उलटीपालटी केली. एक पान नाही. कन्सल्टंट म्हणतो, पुरावा नाही तर नवीच तारीख टाका, जुनी टाकली तर जुन्या वर्षांच्या ग्रॅच्युइटीची जबाबदारी अंगावर येईल. त्याचंही खोटं नाही. माझ्याकडे पैशाचं झाड नाही. ऑर्डर गेली तर सोळा घरं बसतील, त्यात माझं सतरावं.

मला भीती वाटते, बाबा. हे कोणाला बोलले नाही, तुम्हाला लिहिते.

पायल

*

सेलू
३ फेब्रुवारी २०२६

चि. पायल,
जय भीम.

तुझी लाज वाटते म्हणून मी बाहेर बसत नाही. कारण वेगळं आहे आणि ते माझ्यापुरतं आहे. पण तुझ्या मनाला हे लागलं असेल तर चूक माझी आहे आणि ती मी कबूल करतो. मालक होणं वाईट नाही. मी मालकांशी भांडलो कारण ते हिशेबात माणसं धरत नव्हते. तू कबूल केलंस की तुला भीती वाटते. माझ्या एकाही साहेबाला माझ्याबाबतीत कधी भीती वाटली नाही.

आता कामाचं. तुझ्या आईने आयुष्यात कागद फेकला नाही. रद्दीवाल्याला ती दारातूनच परत पाठवायची. दर दिवाळीला हजेरीची नवी वही काढायची आणि जुनी उसवायची. पानांवर मैद्याची खळ लावायची, एकावर एक आठ-दहा पानं चिकटवायची, पाट्याखाली दाबून वाळवायची. खणखणीत पुठ्ठा व्हायचा. त्यावर ब्लेड चालवून ती खिशाचे फर्मे कापायची. तुमच्या गाळ्यात खिळ्याला जे पुठ्ठे टांगलेले आहेत, ज्यांच्या कडेने खडू फिरवून तुम्ही कापडावर रेघ मारता, ते बघ. विकतचा पुठ्ठा तिने कधी आणला नाही. तुझ्या आठ जणांच्या तारखा तुझ्या डोक्याच्या वर लटकताहेत.

पाण्यात बुडवू नकोस, लगदा होईल. जनूला सांग, वाफेची इस्त्री लांबून फिरव. खळ वाफेने सुटते. आधी प्रत्येक फर्मा नव्या पुठ्ठ्यावर नीट उतरवून घे. मागच्या खिशाची ती गोलाई तुझ्या आईची, सरस्वतीच्या हातची आहे. ती गेली तर कोणाला पुन्हा जमायची नाही.

मला हे कसं ठाऊक असं विचारशील. मी तेव्हा बेकार होतो, घरी बसून खळ लावायला थोडा हातभार लावायचो. एवढंच.

भीमराव

*

हेंद्रेपाडा, बदलापूर
२६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय बाबा,
सविनय जय भीम.

उशीर झाला, पण आता सगळं सांगते. पत्र लांबेल, आत्याला चहा टाकायला सांगा.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी खिळ्यावरचे सगळे फर्मे उतरवले. एकतीस निघाले. पोटमाळ्यावरच्या पेटीत अजून बावीस. दुसऱ्या दिवशी कटिंग बंद ठेवलं. शेठने फोन केला, "अदी (त्याच्या सिंधीत ताई), काम क्यों रोका?" मी सांगितलं, आज माणसं शोधतोय. दिवसभर सगळ्यांनी मिळून फर्मे नव्या पुठ्ठ्यावर उतरवले. सखूमावशीने एकेक रेघ दोनदा तपासली. आईची गोलाई सुरक्षित आहे.

मग जनूदादाने वाफ धरली आणि मावशीने कडेला नख घातलं. पहिलं पान सुटायला अर्धा तास गेला, नंतर हात बसला. बॉलपेनची शाई तशीच आहे. आईचं अक्षर, उजवीकडे झुकलेलं. प्रत्येक पान खिशाच्या आकाराचं, म्हणून कुठे नावाचा शेंडा उडालेला, कुठे महिन्याचा. पण खिशात जेवढं मावलं तेवढं वाचता येतं. आम्ही पानं दोरीवर चिमट्याने वाळत घातली. दुपारी जेवायला कोणी उठेना. ज्याचं नाव सापडेल तो उभा राहून वाचून दाखवायचा. द्रौपदीला वाचता येत नाही, तिचं जनूदादाने वाचलं. तिने ते पान हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

आठच्या आठ सापडले. मी बाजूला बसून रडले, ते कोणाला दिसलं नाही असं मला वाटलं होतं, पण सगळ्यांना दिसलं.

आता खरं सांगते. तारखा हातात आल्यावरही मी आठवडाभर दोन फाईली घेऊन फिरत होते. एकीत कन्सल्टंटची पत्रं, एकीत खऱ्या तारखांची. जिज्ञासा मॅडम बुधवारी आल्या तेव्हा त्यांना स्पष्ट विचारलं, जुनी तारीख लिहिली आणि उद्या मला झेपलं नाही तर? त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. म्हणाल्या, जबाबदारी येणारच, ती नाही असं मी सांगणार नाही. मग माझ्याबरोबर बसून, कोणाचं कधी किती लागेल आणि दर महिन्याला किती बाजूला ठेवायचं, याचा तक्ता करून दिला. झेपण्यासारखं आहे. ओढाताण होईल, पण झेपेल. कन्सल्टंटला मी नमस्कार करून मोकळं केलं. शेठ म्हणाला, "इतना पुराना लिखेगी तो कल भारी पडेगा." मी म्हटलं, पडू दे शेठ, आम्ही गठ्ठे उचलून वर चढवणारी माणसं आहोत.

परवा पत्रं दिली. मॅडमनी प्रत्येकाचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. पद कारागीर, मदतनीस कोणीच नाही. सखूमावशीचं वाचलं, 'दिनांक ११ फेब्रुवारी २००४ पासून', तर मावशी म्हणाली, चूक आहे. मी म्हटलं, मावशी, आईच्या वहीत अकराच आहे. ती म्हणाली, "वहीत असेल. मी दहाला आले होते. तुझी आई म्हणाली, आज नुसतं बसून बघ. मी काय बसणारी आहे? साठ खिसे उलटवले त्या दिवशी. अकरापासून लिहायचं असेल तर पत्र राहू दे तुझ्याकडे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, मालक तुम्ही आहात, तुम्हाला पटत असेल तर लिहा. मी पत्र फाडलं, सम्यकला फोन करून दहा तारखेचं नवीन टाईप करून मागवलं. ते येईपर्यंत मावशी मशीनवर बसून काम करत होती.

झेरॉक्स पार्टीकडे गेल्या, ऑर्डर पक्की झाली.

आणि आता तुमचं, बाबा. फर्म्यांतून फक्त आठ नावं नाही निघाली. जून २००४ च्या पानावर चौथ्या ओळीत आईने लिहिलंय, 'भीमराव, कटिंग'. १४ जूनपासून. मी म्हटलं, हे कोण भीमराव? मावशी हसायला लागली, तिचं हसू थांबेना. म्हणाली, "बावीस वर्षं दाबून ठेवलंय मी. तुझ्या आईने शपथ घातली होती." तुम्ही घरी बसून नव्हतात. मी शाळेत गेले की पडद्याआड कटिंगला बसायचात आणि मी यायच्या आत शर्ट घालून बाहेर पडायचात. मला सांगायचात, मीटिंग होती. २८ फेब्रुवारी २००६ पर्यंत तुमचं नाव आहे, वॉचमनची नोकरी लागेपर्यंत. गाळ्याच्या आत तुम्ही का येत नाही ते मला आता कळलं. सगळं पाहिलेल्या मावशीला तोंड कसं दाखवणार.

तुम्हाला अकरा वर्षांचा एक कागद मिळाला नाही. माझ्या आईने मात्र तुमचा एकेक दिवस मांडून ठेवला होता. सोबत आपल्या लेटरहेडवर तुमचा अनुभवाचा दाखला पाठवते. सही माझी आहे, पण तो आईकडून आहे असं समजा. सप्टेंबरमध्ये दोन खाडे दिसतात, ते मी घेतले नाहीत. 'सर्व दिवस हजर' असं लिहिलंय. वडिलांचे खाडे कोण मोजतं?

तुमची,
पायल

*

सेलू
४ मार्च २०२६

चि. पायल,
सप्रेम जय भीम.

पत्र कौसाबाईला वाचून दाखवलं. सखूचं आलं तेव्हा ती म्हणाली, बाई आहे. तुझं आलं तेव्हा तेवढं परत वाचायला लावलं. मग मी दाखला वाचला. अर्ध्यावर मी कागद घडी करून ठेवला, तेव्हा तिने चहा टाकला.

मला तुझा अभिमान वाटतो. हे वाक्य मी तुझ्या तोंडावर कधी बोललो नाही, आणि आता बोललो तर तू काय म्हणालीस ते मला ऐकू यायचं नाही, म्हणून लिहून देतो. आम्ही तीस वर्षं ज्यासाठी घोषणा दिल्या ते तू एक दिवस कटिंग बंद ठेवून केलंस.

होय, मी पडद्याआड बसायचो. युनियनचा माणूस बायकोच्या हाताखाली खिसे कापतो हे वस्तीला कळू नये असं मला वाटायचं. काम हलकं नव्हतं, माझं मन हलकं होतं. सरस्वतीने एका शब्दाने मला टोचलं नाही. हजेरी मांडते हेही सांगितलं नाही. मला वाटायचं ती मला बसायला जागा देते. ती मला कामावर घेत होती, हे मला आज, ती गेल्यावर सात वर्षांनी कळलं.

सखूबाईला माझा जय भीम सांग. या महिनाअखेर मी येतो. आत बसेन.

आता दाखला. तो मी परत पाठवतो आहे, त्यात चूक आहे. सप्टेंबरचे दोन खाडे खरे आहेत. मी केसच्या तारखेला गेलो होतो आणि सरस्वतीला न सांगता गेलो होतो. मालक म्हणून तिने खाडा लावला तो बरोबर लावला. आणखी एक आहे, ते पान तुला सापडलेलं दिसत नाही. जानेवारी २००५, तारीख आठवत नाही, सोमवार होता. सकाळी डबा घेऊन निघालो आणि कंपनीच्या बंद गेटसमोर संध्याकाळपर्यंत बसून आलो. डबा तसाच परत आणला. तिने तोच रात्री ताटात वाढला. पण त्या दिवशी मी कामावर नव्हतो, तेव्हा तिने खाडा लावलाच असणार.

एकूण तीन. तू खाडे पुसलेस तर बाकीच्या दिवसांवर कोणी विश्वास ठेवणार नाही. दुरुस्त करून पाठव.

भीमराव

*

सरस्वती गारमेंट
गाळा क्र. ९, कॅम्प नं. ४, उल्हासनगर
दिनांक ११ मार्च २०२६

अनुभवाचा दाखला (दुरुस्त)

दाखला देण्यात येतो की, श्री. भीमराव सोनू जोंधळे, राहणार बुवापाडा, अंबरनाथ, यांनी आमच्याकडे दिनांक १४ जून २००४ ते २८ फेब्रुवारी २००६ या काळात कटिंग कारागीर म्हणून काम केले. आमच्याकडील उपलब्ध हजेरीपत्रकानुसार व त्यांनी स्वतः लेखी कळवल्यानुसार या काळात ते तीन दिवस गैरहजर होते. इतर सर्व दिवस ते कामावर हजर होते.

त्यांचे काम व वर्तणूक उत्तम होती.

(सही)
पायल भीमराव जोंधळे
मालक

साक्षीदार: सखू, कारागीर, १० फेब्रुवारी २००४ पासून